र. धों. कर्वे आणि ज्ञानबंदीची दुसरी भिंत

१४ ऑक्टोबर या तारखेचे महत्त्व आंबेडकरी माणसाला सांगावे लागत नाही. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. पण याच तारखेला, बरोबर तीन वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी महाराष्ट्रातील एक माणूस आयुष्यभराची लढाई लढून गेला. त्याची आठवण आपण काढत नाही. त्याचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

कर्वे हे कोकणस्थ ब्राह्मण. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. मग आंबेडकरी दैनिकात त्यांच्यावर लेख कशाला, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. बाईला दिवस कसे राहतात आणि नको असतील तर ते कसे टाळावेत, हे शास्त्रीय ज्ञान त्यांनी मराठीत उघडपणे छापले, हे पहिले कारण. आणि त्या लिखाणासाठी सरकारने त्यांच्यावर खटला भरला तेव्हा त्यांच्या बाजूने कोर्टात बॅरिस्टर म्हणून खुद्द बाबासाहेब उभे राहिले, हे दुसरे. बाबासाहेबांनी ज्याचे वकीलपत्र घेतले त्या माणसाने काय सांगितले होते, हे आपल्याला ठाऊक नसेल तर तो दोष आपला आहे.

या देशात ज्ञानबंदीची एक भिंत सर्वांना दिसते. शूद्रांनी, अतिशूद्रांनी आणि स्त्रियांनी अक्षर शिकायचे नाही, ही ती भिंत. फुले दांपत्याने तिला सुरुंग लावला. परंतु तिच्या आत आणखी एक भिंत होती, ती म्हणजे स्वतःच्या शरीराविषयीच्या अज्ञानाची. अक्षर ओळखणारी बाईसुद्धा आपल्याला मूल कसे होते हे जाणत नव्हती. मूल म्हणजे देवाची देणगी, नशीब, नवस, पूर्वजन्मीचे संचित असे तिला सांगितले जाई. बाळंतपणे मात्र तिचीच होत. मरणही तिचेच.

या अज्ञानाची किंमत किती भयंकर होती हे जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पाहिले होते. सक्तीचे वैधव्य लादलेल्या ब्राह्मण विधवांना घरातल्याच पुरुषांकडून दिवस राहत आणि मग त्या जीव देत किंवा नवजात मुलाला मारून टाकत. म्हणून फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत १८७४ साली त्यांनी दत्तक घेतला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली, तेव्हा त्या निमित्ताने उठलेल्या गदारोळाला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून सडेतोड उत्तर दिले. त्याच १८८२ सालच्या १४ जानेवारीला रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड येथे रघुनाथचा जन्म झाला. फुल्यांनी अडलेल्या बाईला आसरा दिला. ती अडूच नये म्हणून काय करावे, या प्रश्नाला रघुनाथने आयुष्य दिले.

१८९१ साली रघुनाथ नऊ वर्षांचा असताना त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. वडिलांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. रघुनाथ बुद्धीने तल्लख होता. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ साली बी. ए. झाला. पुढे तो गणिताचा प्राध्यापक झाला आणि गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसलाही जाऊन आला. या वाटेने सरळ चालत राहिला असता तर मान, पगार, पेन्शन सर्व काही मिळाले असते.

परंतु कर्व्यांनी दुसरी वाट धरली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले ते याच वर्षी. म्हणजे आपला मराठी माणूस विलायतेच्या मागे नव्हता. १९२३ साली त्यांचे 'संततिनियमन : आचार व विचार' हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी 'गुप्तरोगापासून बचाव' हेही आले. ते ज्या विल्सन कॉलेजात शिकवत ते ख्रिस्ती मिशनऱ्यांचे होते. मिशनऱ्यांना हा विषय मानवला नाही. प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच पडला. कर्व्यांनी नोकरी सोडली. सनातनी हिंदूंना ते नकोसे होतेच. आता ख्रिस्ती धर्ममार्तंडांनाही नकोसे झाले. शरीराविषयीचे ज्ञान दडवण्याच्या बाबतीत सगळ्या धर्मांचे ठेकेदार कसे एक होतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या कामात पत्नी मालतीबाईंनी त्यांना पूर्ण साथ दिली. स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णय दोघांनी मिळून घेतला आणि शेवटपर्यंत पाळला. लोकांना एक सांगायचे आणि घरी दुसरे करायचे, हा या माणसाचा स्वभाव नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कर्वे ज्या ज्ञानासाठी झगडले ते ज्ञान नेमके काय आहे? त्यांच्यावर लेख लिहायचा आणि तेच सांगायचे टाळायचे, हा ढोंगीपणा होईल. म्हणून आजच्या शास्त्राला जेवढे पक्के ठाऊक आहे ते येथे सरळ सांगतो. घरातील मोठ्या मुलामुलींनीही हे वाचावे.

बाईच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजकोश असतो. साधारणपणे दर महिन्याला त्यातून एक स्त्रीबीज बाहेर पडते आणि शेजारच्या नळीत, म्हणजे बीजवाहिनीत येते. ते जेमतेम १२ ते २४ तास जगते. संबंधाच्या वेळी पुरुषाच्या वीर्यातून कोट्यवधी शुक्रजंतू बाईच्या शरीरात जातात. त्यांतील काही गर्भाशयातून वर चढत त्या नळीपर्यंत पोचतात. तेथे एखादा शुक्रजंतू स्त्रीबीजात शिरला की गर्भाची सुरुवात होते. हे फळलेले बीज हळूहळू गर्भाशयाकडे सरकते आणि साधारण सहा ते दहा दिवसांत तेथे रुजते. रुजले की त्या महिन्याची पाळी चुकते. बीज फळले नाही तर गर्भाशयाने तयार केलेले अस्तर रक्तावाटे बाहेर पडते. तीच पाळी. यात विटाळ कोठे आला? गर्भासाठी तयार केलेली आणि न लागलेली गादी आहे ती!

यातील कळीची गोष्ट अशी की, स्त्रीबीज एक दिवस जगत असले तरी शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि बीज सुटण्याचा दिवस, असे सहा दिवस गर्भधारणेचे असतात. सोमवारी संबंध आला आणि बीज शुक्रवारी सुटले तरी दिवस राहू शकतात. मग बीज सुटते कधी? पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास. ३५ दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. आणि २१ दिवसांनीच येत असेल तर सातव्या दिवसाच्या सुमारास. अशा बाईचा संबंध पाळी संपता संपता आला तरी दिवस राहू शकतात. हा हिशेब पुढच्या पाळीवरून मागे मोजायचा असतो आणि पुढची पाळी कधी येईल हे आधी कोणालाच नक्की ठाऊक नसते. आजारपण, चिंता, कष्ट, उपासमार यांनी ती मागेपुढे होते. म्हणून नुसत्या तारखा मोजून राहणे भरवशाचे नाही.

गंमत म्हणजे कर्व्यांचे १९२३ चे पुस्तक आले तेव्हा हा हिशेब जगालाच नीट ठाऊक नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपातील नामांकित डॉक्टर पाळीच्या आसपासचे दिवस धोक्याचे आणि मधले दिवस सुरक्षित असे सांगत. म्हणजे अगदी उलट! त्यावर विसंबलेल्या किती बायका फसल्या असतील याची मोजदाद नाही. जपानमधील ओगिनो यांनी १९२४ च्या सुमारास आणि त्यानंतर ऑस्ट्रियातील क्नाउस यांनी खरा हिशेब मांडला. कर्व्यांचा भर होता तो शुक्रजंतूंची वाट अडवणाऱ्या साधनांवर, म्हणजे पुरुषाच्या आणि स्त्रीच्या रबरी साधनांवर. वाटच बंद असली की तारीख कोणतीही असो, काम भागते. गणिताच्या प्राध्यापकाला हे बरोबर कळले होते.

आता याच्या जोडीला मनुस्मृती ठेवून पाहा. तिच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकालाच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत. पहिल्या चार निषिद्ध, अकरावी आणि तेरावी निषिद्ध, सम रात्री संबंध आला तर मुलगा आणि विषम रात्री आला तर मुलगी. याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. मुलगा की मुलगी हे रात्रीवर ठरत नाही आणि बाईवर तर मुळीच ठरत नाही. ते पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरते. त्यात एक्स गुणसूत्र असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे विज्ञानाने दाखवून दिले. तरीही मुलगी झाली म्हणून आजही सुनेला टाकले जाते. मनू पुस्तकातून जळाला, डोक्यातून जळाला नाही.

१९२७ हे साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २० मार्चला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ३ एप्रिलला बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. १५ जुलैला कर्व्यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक निघाले. आणि २५ डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी, अक्षर आणि शरीर या तिन्हींवरची बंदी एकाच वर्षात महाराष्ट्रात आव्हानित झाली. या दोन माणसांनी ठरवून हे केले नव्हते. पण शत्रू एकच होता.

'समाजस्वास्थ्य' कर्व्यांनी मरेपर्यंत, सव्वीस वर्षे चालवले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीर ही लाजण्याची वस्तू नाही, हे त्यांना दाखवायचे होते. आत गर्भधारणा, संततिनियमन, गुप्तरोग यांची माहिती आणि वाचकांच्या शंकांना उत्तरे असत. कोणी हस्तमैथुनाविषयी विचारी, कोणी समलिंगी आकर्षणाविषयी. ज्या शंका लोक वैद्यालाही विचारत नसत, त्या ते कर्व्यांना पत्राने विचारत आणि कर्वे कोणाचीही टर न उडवता शास्त्राच्या आधारे उत्तर देत. शरीरसुखावर पुरुषाइतकाच स्त्रीचाही हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात लिहिले. सभ्य समाज खवळला नसता तरच नवल!

त्याच काळात गांधीजी संततिनियमनाच्या साधनांना विरोध करत होते. त्यांच्या मते उपाय एकच, ब्रह्मचर्य. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्याला येऊन भेटल्या, तरी गांधीजी आपल्या मतापासून हलले नाहीत. पण ब्रह्मचर्य पाळायचे की नाही, हे बाईच्या हाती होते का? नवरा दारू पिऊन आला की तिला नाही म्हणण्याची सोय होती का? साधन तिच्या हाती असेल तर निदान पोट तरी तिच्या ताब्यात राहते. हा फरक महात्म्यांना कळला नाही, गणिताच्या प्राध्यापकाला कळला.

१९३१ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा पहिला खटला झाला. शंभर रुपये दंड झाला. हायकोर्टात अपील फेटाळले गेले. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. तो काळ आठवा. गोलमेज परिषदा नुकत्याच झालेल्या. १९३२ चा पुणे करार झालेला. सगळा सवर्ण समाज बाबासाहेबांवर डोळे वटारून होता. अशा वेळी एका ब्राह्मण संपादकाचा, तोही अश्लीलतेचा खटला अंगावर घेण्याची त्यांना काय गरज होती? दलितांचा थेट संबंध तर त्यात कोठेच नव्हता. तरीही त्यांनी घेतला. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही आणि वाचक शंका विचारत असेल तर तिला उत्तर देणे हे अशा मासिकाचे कामच आहे, ही त्यांची भूमिका होती. कोर्टाने ती मानली नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. खटला हरला, पण ज्ञानबंदीविरुद्ध लढताना बाबासाहेबांनी जात पाहिली नाही, हे नोंदले गेले.

बाबासाहेबांना या प्रश्नाची धग घरातूनच माहीत होती. ते स्वतः रामजी आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य. आई ते लहान असतानाच गेली. त्यांची आणि रमाईंची चार मुले लहानपणीच दगावली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. एकटे यशवंतराव जगले. १९३५ साली रमाईही गेल्या. वारंवारची बाळंतपणे, गरिबी, उपासमार आणि मुलांचे मरण यांनी बाईचे शरीर कसे झिजते, हे त्यांनी ग्रंथात वाचले नव्हते, डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला.

आणि म्हणूनच १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण अहमदनगरचे आमदार पी. जे. रोहम यांनी सभागृहात वाचले. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याची साधने पुरवावीत, अशी मागणी होती. बाईला कोणत्याही कारणाने मूल नको असेल तर ते टाळणे तिला शक्य झाले पाहिजे आणि मूल होऊ द्यायचे की नाही हे सर्वस्वी तिच्या मर्जीवर असले पाहिजे, असा त्या भाषणाचा आशय होता. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९५२ साली, स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. त्याचे श्रेय घेताना कर्व्यांचे नाव कोणाला आठवले नाही आणि रोहमांच्या तोंडून बोललेल्या बाबासाहेबांचेही नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कर्व्यांची पूजा बांधण्यासाठी हा लेख नाही. जातिव्यवस्था हा त्यांच्या लेखनाचा मुख्य विषय नव्हता. त्यांचे मासिक शिकलेल्या वर्गाच्या हाती पडे, गिरणगावातील चाळीत राहणाऱ्या बाईच्या नव्हे. जगभरच्या संततिनियमनाच्या चळवळीत तर गरिबांची आणि तथाकथित हीन लोकांची पैदास कमी करा, असे मानणारा एक प्रवाहच होता. मेरी स्टोप्सही त्यातल्याच. बाबासाहेबांच्या ठरावाने या प्रश्नाच्या मध्यभागी बाईची मर्जी ठेवली.

आणि ही मर्जी बाजूला सारली की काय होते हे या देशाने पाहिले आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. गरीब, दलित आणि मुसलमान पुरुषांना धरून नेले गेले. त्याची भीती बसली ती पुरुषांना आणि ओझे पडले ते बायकांवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःचे ऑपरेशन करून घेतलेले आढळले. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण होते अवघे ०.३ टक्के! वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया साधी आणि कमी धोक्याची आहे. पण मर्दानगीच्या खोट्या कल्पनेपायी बाईलाच टेबलावर झोपवले जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांची ऑपरेशने उरकण्यात आली. त्या आठवड्यातील शिबिरांत तेरा स्त्रियांचा बळी गेला. त्या कोण होत्या? गरीब, दलित, आदिवासी, मागासवर्गीय. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे बंद करा, असे सांगावे लागले. माहिती न देता ऑपरेशन करणे म्हणजे संततिनियमन नव्हे. ती दुसरी गुलामगिरी आहे.

म्हणून बाईने आणि पुरुषाने, दोघांनी पुढील गोष्टी पक्क्या समजून घेतल्या पाहिजेत. पहिल्याच संबंधात दिवस राहत नाहीत, हे खोटे आहे. उभ्याने संबंध आला, नंतर लघवी केली किंवा पाण्याने धुतले म्हणजे दिवस राहत नाहीत, हेही खोटे आहे. शुक्रजंतू तोवर वर गेलेले असतात. वीर्य पडण्याआधी बाजूला होणे हा उपाय बेभरवशाचा आहे. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, हे अर्धसत्य आहे. मूल सहा महिन्यांच्या आतले हवे, ते रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असले पाहिजे आणि पाळी परत आलेली नसावी. या तिन्ही अटी असतील तरच तो भरवसा. नाहीतर बाळंतपणानंतरची पहिली पाळी यायच्या आधीच स्त्रीबीज सुटते आणि पाळी न पाहताच बाई पुन्हा गरोदर राहते.

उपाय आज भरपूर आहेत. निरोध गर्भही टाळतो आणि गुप्तरोगही. तांबी बसवली तर अनेक वर्षे काळजी नाही आणि काढली की पुन्हा मूल होऊ शकते. स्त्रीबीज सुटू न देणाऱ्या रोजच्या गोळ्या आहेत. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेली, 'छाया' या नावाने मिळणारी बिनसंप्रेरकाची गोळी आहे. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आहे. ही साधने सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळतात. कोणाला काय मानवेल हे तेथील डॉक्टरांना विचारावे. निरोध फाटला किंवा साधन न वापरता संबंध आला तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी आहे. जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली. ती स्त्रीबीज सुटणे लांबवते, रुजलेला गर्भ पाडत नाही आणि नेहमीचा उपाय म्हणून ती घेऊ नये. पुरुषाने नसबंदी केली तरी पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि वीर्य तपासून घ्यावे. कारण आधीचे शुक्रजंतू नळीत शिल्लक असतात.

एवढे करूनही पाळी चुकली तर घाबरून भोंदू वैदूकडे जाऊ नये. झाडपाला आणि काड्या यांनी अनेक बायकांचे जीव घेतले आहेत. लघवीची तपासणी करावी आणि सरकारमान्य रुग्णालयात जावे. १९७१ पासून या देशात गर्भपाताचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने तो करता येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही या कायद्याचा लाभ समान असल्याचे स्पष्ट केले आहे.

र. धों. गेले तेव्हा मालतीबाई आधीच गेलेल्या होत्या. मूलबाळ नव्हते. आयुष्य ओढाताणीत गेले. वडिलांना १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि त्याचा कोणाला हेवा वाटण्याचे कारण नाही, त्यांचेही काम मोठे होते. परंतु मुलाच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक त्यांच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला आणि मासिक बंद पडले.

आज आपल्या वस्त्यांत विहारे आहेत, वाचनालये आहेत, महिला मंडळे आहेत. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, ३ जानेवारीला भाषणे होतात. त्यांपैकी एका तरी कार्यक्रमात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना, नर्सबाईंना किंवा आशाताईंना बोलवा. वयात आलेल्या मुलींना बसवा, मुलांनाही बसवा आणि गर्भधारणा कशी होते हे फळ्यावर चित्र काढून सांगू द्या. कोणी हसेल, कोणी उठून जाईल. जाऊ द्या. आईने जे सांगितले नाही, शाळेतील मास्तरांनी जो धडा गाळला, ते मुलीला विहारात कळले तर बिघडले कोठे? तथागतांनी डोळे झाकून विश्वास ठेवायला कधीच सांगितले नाही. तपासून पाहा, मग स्वीकारा, हीच त्यांची शिकवण.

बाबासाहेब ज्या ज्ञानासाठी कोर्टात उभे राहिले ते ज्ञान आपल्या घरात बोलायला आपण लाजत असू, तर १९३४ चा तो खटला आपणही हरलोच म्हणायचे. शिका, या शब्दात स्वतःचे शरीर शिकणेही येते.

जय भीम!